आधी काय ठरलं होतं?

रेन्स्के हूक्स्ट्रा सभेत बोलत नसे. आमच्या देशात हा दुर्गुणच. इथे माणसं ऑफिसात काम करतात ती दोन सभांच्या मधल्या वेळात, आणि तेही पुढच्या सभेत सांगायला काहीतरी हवं म्हणून.

मी त्या सभांचं इतिवृत्त लिहायची. कोण काय बोललं ते टिपायचं, नीट संसारी गृहिणीसारखं निवडून-पाखडून सगळ्यांना पाठवायचं, आणि पुढच्या खेपेला "इनेके, मी असं म्हणालोच नव्हतो" हे ऐकून घ्यायचं. दोन वर्षांत अशा अठरा सभा झाल्या. अठराही अमर्सफोर्टला, स्टेशनसमोरच्या हॉटेलात, कारण ते गाव देशाच्या मधोमध आहे आणि तिथे पोचायला सगळ्यांना सारखाच त्रास होतो. यालाच आम्ही न्याय म्हणतो.

काम तसं सरळ होतं. पोट न फाडता, चार-पाच लहान छिद्रांतून दुर्बीण आणि अवजारं घालून स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया करता येते. कोणी हातांनी करतात, कोणी यंत्रमानवाच्या हातांनी. पण एकेका इस्पितळात अशा शस्त्रक्रिया वर्षाला मोजक्याच. तेवढ्यावरून ही पद्धत चांगली की वाईट, कोणाला करावी, कोणाला करू नये, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून आठ इस्पितळांनी मिळून एकच नोंदवही ठेवायची, सगळ्यांचे रुग्ण तिच्यात लिहायचे. शेंबड्या पोरालाही कळेल अशी कल्पना. म्हणूनच बहुधा आठ सर्जनांना ती कळायला दोन वर्षं लागली.

नोंदवहीच्या नावावर तीन सभा गेल्या. मग 'लहान छेद' म्हणजे किती लहान, यावर दोन. चार सेंटिमीटर की पाच? एवढाली शिकलेली माणसं अंगठा आणि बोट ताणून हवेत मापं दाखवत होती, मासळीबाजारात बसल्यासारखी. आमच्याकडे मतदान करत नाहीत. मतदान केलं की कोणीतरी हरतं, आणि हरलेला माणूस पुढच्या सभेत कॉफी प्यायला वेगळ्या टेबलावर बसतो. म्हणून सगळ्यांचं पटेपर्यंत बोलत राहायचं. अध्यक्ष होते प्रोफेसर लेंडर्ट व्हान हाफ्टन. माणूस सोन्यासारखा, पण निर्णय घेणं त्यांच्या जिवावर यायचं. "आपण सगळे एकाच दिशेने बघतोय," हे त्यांचं आवडतं वाक्य. बघत होतो, चालत कोणी नव्हतं.

रेन्स्के या सभांना आमच्या इस्पितळातर्फे यायची. सोबत आमचे सर्जन डॉ. सीब्रांड पोस्तमा. रेन्स्के एकसष्ट वर्षांची, उंच, हाडापेराने मोठी. बाप मालवाहू होडीवर नावाडी होता, आणि हिचं बालपण त्या होडीतच गेलं. कुठल्या धक्क्याला किती वाजता लागलो, पाणी किती होतं, हे वहीत लिहायचं काम सातव्या वर्षापासून तिच्याकडे. पुढे नर्स झाली. सव्वीस वर्षं आमच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काढली, कंबर गेली, तेव्हा इस्पितळाने तिला खुर्ची दिली आणि स्वादुपिंडाच्या रुग्णांची यादी दिली. कोणावर कधी कशी शस्त्रक्रिया झाली, पुढे काय झालं, सगळं ती भरायची. रुग्णांना नंबर असत. ती मात्र म्हणायची, "बावन्न नंबर म्हणजे तो जोडे दुरुस्त करणारा, ज्याची बायको रोज उकडलेली अंडी आणायची."

हॉटेलात जेवण मांडलेलं असलं तरी ती घरून पावाचे दोन तुकडे आणि चीज आणायची. मी एकदा म्हटलं, "अगं, फुकटचं आहे, घे की."

"सभा लांबली की यांचं जेवण मागे सरकतं," ती म्हणाली, "माझी भूक नाही सरकत."

अशी ही बाई सभेत बोलत नसे. एकच गोष्ट ती दर वेळी मागायची, तीही लेखी, आधी पाठवून. नोंदवहीत एक प्रश्न हवा: आधी काय ठरलं होतं? शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जनने तो भरायचा, दुर्बिणीतून की पोट उघडून, आणि मग त्याला कुलूप. नंतर कोणाला बदलता येणार नाही.

का, ते मला नवव्या सभेनंतर गाडीत कळलं. त्या सभेत तिचा प्रश्न पुन्हा एकदा 'पुढील सभेत घ्यावा' म्हणून ढकलला होता. मी चिडून म्हटलं, "रेन्स्के, सोड ना तो नाद. पालथ्या घड्यावर पाणी आहे हे."

तिने खिडकीबाहेरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "तुला हार्मेन ब्लॉक आठवतो?"

मला कुठला आठवायला. मी कागदावरची बाई.

"कालव्यावरचा पूल उघडायचं काम करायचा तो. चौतीस वर्षं. निवृत्त झाला आणि चार महिन्यांत आमच्याकडे आला. तपासणीच्या दिवशी मला गाठलं त्याने. म्हणाला, सिस्टर, हे दुर्बिणीतून सुरू करतात आणि मग आत काही बिघडलं की शेवटी पोट फाडतात, असं ऐकलंय. तुमच्याकडे किती वेळा झालं?"

"मग?"

"मी यादी काढली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया एकवीस. त्यातल्या उघडाव्या लागल्या, शून्य. मी हसत हसत सांगितलं त्याला, एकदाही नाही!"

मला अजून कळलं नव्हतं.

"आमच्या यादीचा नियम काय? शस्त्रक्रिया शेवटी कशी झाली ते लिहायचं. म्हणजे दुर्बिणीतून सुरू केली आणि मध्येच पोट उघडलं, तर ती 'उघडी'त जाते. दुर्बिणीच्या ढिगात ती उरतच नाही. मग तिथे शून्यच येणार की! हे मला तेव्हा कळलं नाही, इनेके. सात वर्षं मी ती यादी भरत होते आणि मला कळलं नाही. कळलं कधी? हार्मेनचं पोट उघडावं लागलं, रक्त थांबेना, बाराव्या दिवशी तो गेला, आणि मी त्याची नोंद करायला बसले. नियमाप्रमाणे त्याला 'उघडी'त टाकला. आणि वर बघते तर दुर्बिणीच्या खाली अजून शून्यच."

नंतर तिने जुने कागद काढून एकेक शस्त्रक्रिया वाचली होती. हार्मेनच्या आधी पंचवीस दुर्बिणीतून सुरू केलेल्या, त्यांपैकी चार उघडाव्या लागलेल्या. ते घेऊन ती पोस्तमांकडे गेली. ते म्हणाले, जुन्या कागदांवरून असं काही काढता येत नाही. सुरुवातीला सर्जनच्या मनात काय होतं, हे कागदाला काय ठाऊक?

"मी त्याला शून्य सांगितलं नसतं तर त्याने कदाचित सरळ पोट उघडून करून घेतली असती," रेन्स्के म्हणाली. "कदाचित आज जिवंत असता."

"हे सभेत सांग. उद्याच्या उद्या मंजूर होईल."

"सभेत? त्याच्या मरणाचं मी भांडवल करू?" ती माझ्यावरच उखडली. "आणि तू लिहायचं नाहीस हे. कुठेच नाही."

तेव्हापासून त्या सभांना बसणं मला अवघड होऊ लागलं. इतिवृत्त लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं. मी दात-ओठ खाऊन लिहीत राहिले. रेन्स्केचा प्रश्न आला की प्रत्येकाला काही ना काही सुचायचं. 'ठरलं' म्हणजे कोणाचं ठरलं, सर्जनचं की रुग्णाचं? भूलतज्ज्ञाला विचारायचं का? आदला दिवस रविवार असला तर? एक सर्जन म्हणाले, "मी तर टेबलापाशी उभा राहूनच ठरवतो." मग आदल्या दिवशी त्या रुग्णाला तुम्ही काय सांगता, हवामान? हे मी मनात म्हटलं. सगळ्यांत जास्त फाटे फोडायचे आमचेच पोस्तमा. शांतपणे, मुद्देसूद, गोड आवाजात. "रेन्स्केची कळकळ मी समजू शकतो. पण ही गोष्ट मोजण्यासारखी नाही. असा आकडा आज कोणाकडेच नाही, आणि खोटा आकडा असण्यापेक्षा नसलेला बरा." सगळ्यांच्या माना हलायच्या. रेन्स्के पेन्सिलीला टोक काढत बसायची. दुपारी ताकाचे पेले आणि चीजचे पाव यायचे, आणि घोंगडं पुन्हा भिजत पडायचं.

अठरावी सभा शेवटची. संगणकाचं काम करणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की प्रश्नांची पक्की यादी आज पाच वाजेपर्यंत हवी, नंतर तीन वर्षं एक अक्षर बदलणार नाही. रेन्स्के त्या डिसेंबरात निवृत्त होणार होती.

चार वाजता प्रोफेसर व्हान हाफ्टन यांनी हात चोळले. "मला वाटतं मार्ग सापडलाय. रेन्स्केचा प्रश्न आपण घेऊ या. फक्त ऐच्छिक ठेवू. ज्याला भरायचा त्याने भरावा, हवा तेव्हा."

काय तो सुटकेचा निःश्वास सुटला खोलीत! असा तोडगा आमच्याच माणसांना सुचावा. प्रश्न विचारल्याचंही समाधान, उत्तर देण्याचं बंधनही नाही, कोणाचं मन दुखावलं नाही. पोस्तमा तर म्हणाले, "सुंदर!" ज्यांची शस्त्रक्रिया मध्ये बिघडेल ते हा चौकोन रिकामा सोडणार, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी लिहिलं: सर्वांना मान्य.

मग शेवटची फेरी. आमच्या प्रत्येक सभेत ती असते. उठण्याआधी टेबलाभोवती एकेकाला विचारायचं, तुला आणखी काही? माणसं कोट घालत घालत 'नाही, नाही' म्हणतात. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. लिम्बुर्गहून आलेले सर्जन तर बॅग खांद्याला लावून उभेच होते, त्यांना तीन गाड्या बदलायच्या होत्या.

"रेन्स्के?"

"मला मान्य नाही."

प्रोफेसरांना वाटलं नीट ऐकू आलं नाही. "काय मान्य नाही?"

"ऐच्छिक. मला मान्य नाही. इनेके, 'सर्वांना मान्य' लिहिलंयस ते खोड."

मी खोडलं. अठरा सभांत इतक्या आनंदाने मी काही केलं नव्हतं.

"पण आत्ताच आपलं सगळ्यांचं पटलं," प्रोफेसर म्हणाले.

"मान्य आहे का, हे मला कोणी विचारलंच नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. माझं नाव सदस्यांच्या यादीत आहे ना? मग सगळ्यांत मीही आले."

पोस्तमा हसले. "रेन्स्के, आता हे काय नवीन? तू काय सभा अडवून धरणार?"

"हो," ती म्हणाली. "तुम्ही पाच सभा सेंटिमीटरवर आणि नावावर अडवल्या. मी एक अडवते. नंतर भरायला मला काय, मी आहे तोवर भरेन सगळं, एक चौकोन सोडणार नाही. पण हा प्रश्न ऐच्छिक असेल तर ही नोंदवहीच नको. आज इस्पितळांतल्या याद्या निदान अपुऱ्या आहेत हे आपल्याला माहीत आहे. ही नोंदवही पूर्ण दिसेल आणि खोटी असेल."

मग जे काही झालं! समजूत, विनवणी, 'आपण प्रौढ माणसं आहोत' वगैरे. एक जण म्हणाला की नोंद ठेवणाऱ्या नर्सना मत असतं का हे तपासायला हवं. त्यावर दुसराच चिडला, "म्हणजे आता कोण माणूस आहे ते ठरवायला आणखी तीन सभा?" प्रोफेसर हवालदिल झाले. एकाला डावलून निर्णय घ्यायचा, हे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते वय आता राहिलंही नव्हतं. रेन्स्के डब्यातला पावाचा दुसरा तुकडा काढून खात बसली. घड्याळात साडेचार वाजून गेले. लिम्बुर्गच्या सर्जनांनी खिडकीतून आपली गाडी सुटताना बघितली, आणि त्यांचा तोल गेला.

"घाला हो तो प्रश्न! सक्तीचा करा, कुलूप लावा, साखळी लावा, काय वाट्टेल ते करा! पण मला घरी जाऊ द्या!"

कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे यालाच एकमत म्हणतात. पाचला दहा कमी असताना यादी गेली. शास्त्रापुढे नव्हे, रेल्वेच्या वेळापत्रकापुढे त्या दिवशी सर्जन नमले, पण नमले.

मला वाटलं, चला, झालं. पण रेन्स्केच्या मनातून हार्मेन गेला नव्हता. त्या शनिवारी तिने मला बरोबर घेतलं आणि आम्ही सायकलींवरून त्याच्या बायकोकडे गेलो. कालव्याकाठचं घर, स्वच्छ, बुटकं. ग्रीत्ये ब्लॉक सत्तरीच्या, लहानखुऱ्या. त्यांनी कॉफी ओतली, साखरपावाचे तुकडे केले, त्यांवर जाड लोणी लावलं. रेन्स्केने कशाला हात लावला नाही.

"मी एक सांगायला आले आहे," ती म्हणाली. "तुमच्या यजमानांनी मला एक आकडा विचारला होता. मी चुकीचा सांगितला. मी शून्य सांगितलं. ते खरं नव्हतं."

"हो, माहीत आहे की," ग्रीत्येबाई म्हणाल्या. "दूध घालू?"

"माहीत आहे?" रेन्स्के म्हणाली.

"त्याच दिवशी दुपारी डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. हार्मेन म्हणाला, सिस्टर म्हणतात एकदाही उघडावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, सिस्टरच्या यादीत तसं दिसतं खरं, पण आमच्याकडे साधारण सहात एकदा उघडावं लागतं. आणि उघडावं लागलं तर दुखणं लांबतं, तेही सांगितलं. फार चांगले आहेत हो ते पोस्तमा. तासभर बसले आमच्याजवळ. रात्रभर विचार केला हार्मेनने. सकाळी म्हणाला, सहातले पाच माझ्या बाजूने आहेत, मी दुर्बिणीतूनच करणार." त्यांनी रेन्स्केच्या हातावर हात ठेवला. "तुमच्यामुळे नाही केलं त्याने. तुम्ही इतकी वर्षं असं समजत होतात? अगं बाई! डॉक्टरांनीच बजावलं होतं, सिस्टरला बोलू नका, तिला वाईट वाटेल."

मला वाटलं आता ही रडेल. मीच रडायच्या बेतात होते. तीन वर्षांचं ओझं उतरलं म्हणून मी तिच्याकडे वळले, तर तिचा चेहरा लालबुंद झालेला.

"सहात एकदा," ती म्हणाली. "डॉक्टर स्वतः म्हणाले? आकडा सांगून?"

"हो, बोटांवर मोजून दाखवलं."

पंचविसात चार. रेन्स्केने जुन्या कागदांतून महिनाभर खपून काढलेला आकडा तोच होता. ती उठली, ग्रीत्येबाईंना मिठी मारली, आणि परतीला निघाली. सायकल अशी हाणत होती की मला गाठता येईना.

सोमवारी सकाळी ती पोस्तमांच्या खोलीत गेली. मी दारातच उभी होते, तिथून हलायचा माझा अजिबात विचार नव्हता.

"तुम्हाला सहात एक हे माहीत होतं," ती म्हणाली.

पोस्तमांना आधी कळलं नाही, मग कळलं. ते ओशाळले वगैरे नाहीत. "हो. रुग्णाला खरं सांगायलाच हवं, रेन्स्के. मी प्रत्येकाला सांगतो."

"प्रत्येकाला?"

"पहिल्या शस्त्रक्रियेपासून. मी मोजत आलोय."

"आणि अठरा सभा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. खरंच बोलले ते, याचं मला अजून नवल वाटतं. "सभेत बाकीची सात इस्पितळं बसलेली असायची. त्यांचे आकडे मला माहीत नव्हते. आपणच सगळ्यांत वाईट निघालो असतो तर?"

मी तिला ओळखते त्या सगळ्या वर्षांत तिचे डोळे भरलेले मी पाहिले नव्हते, ते आज पाहिले.

"तिथे मीही बसलेली असायचे, डॉक्टर," ती म्हणाली. "तुमच्या शेजारच्या खुर्चीत. तीन वर्षं मी समजत होते की त्या माणसाला मी मारलं."

पोस्तमांनी चष्मा परत घातला, आणि मग पुन्हा काढला.